दोष कोणाचा?



यकृताच्या कर्करोगाने कोणी गेले, की आपल्या सातारा-सांगलीकडे मयताच्या घरी हलक्या आवाजात एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘पीत होते का?’ आम्हीही एकदा तो विचारला. त्या विधवा भगिनी काही बोलल्या नाहीत. त्यांच्या पतीने दारूला कधी स्पर्शही केला नव्हता, हे आम्हाला नंतर कळले.

योहानलिखित शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य असेच विचारतात : पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशू दोन्ही नाकारतो आणि त्याला दृष्टी देतो. कारण शोधणे वेगळे, दोष देणे वेगळे.

दारू हे या रोगाचे एक मोठे कारण आहे, यात शंका नाही. तिने यकृत वर्षानुवर्षे जखमी होऊन कठीण बनते आणि तेथे कर्करोग मूळ धरू शकतो. गावोगावी ज्या भगिनींनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांचे उपकार मोठे आहेत.

पण दारू हे एकच कारण नव्हे. हिपॅटायटिस ‘बी’ व ‘सी’चे विषाणू दूषित रक्तातून, सुईतून शरीरात शिरतात. ‘बी’ तर प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला लागू शकतो. त्या बाळाचे पाप कोणते? मधुमेह आणि लठ्ठपणा यांमुळेही यकृतात चरबी साठून धोका वाढतो.

आणखी एक कारण आपल्या खळ्यावर आहे. पावसात भिजलेल्या भुईमुगाच्या शेंगांवर व मक्यावर जी बुरशी येते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. भाजूनही ते पूर्ण जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातमधील आदिवासी गावांत असा मका खाऊन शंभरावर माणसे यकृत निकामी होऊन दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले, तर त्यातून कर्करोग होतो. आपण काळे पडलेले दाणे निवडून बाजूला काढतो. पण तेच स्वस्तात विकले, तर ते कोणा गरिबाच्या ताटात जातात. येथे मात्र दोष आपला.

म्हणून नवजात बाळाला २४ तासांच्या आत हिपॅटायटिस ‘बी’ची लस द्या. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी व उपचार होतात. संकोच न करता जा. एकत्र जेवल्याने किंवा हात हाती घेतल्याने हे विषाणू लागत नाहीत. तेव्हा आजाऱ्याला दूर लोटू नका.

या आठवड्यात एखाद्या आजाऱ्याच्या घरी जाऊ या. प्रश्न न विचारता त्याच्याजवळ बसू या. प्रभू आपल्याला दृष्टी देवो. आमेन.