बोलणाऱ्याला ऐकणारा हवा

तरुणांच्या हाती भ्रमणध्वनी दिसला की आपण विचारतो, 'ही मुले त्यात किती वेळ घालवतात?' प्रश्न गैर नाही. परंतु तो पुरेसा आहे काय?

२०१८ साली छत्तीसगड शासनाने रायपूर येथे 'संचार क्रांती योजने'चा आरंभ केला. स्त्रिया व महाविद्यालयीन विद्यार्थी यांना सुमारे ५० लाख स्मार्टफोन विनामूल्य देण्याचा तो संकल्प होता. वर्षअखेरीस सत्तांतर झाले व वाटप अपुरे राहिले. तथापि ज्यांना यंत्र लाभले, त्यांना त्यासोबत वाणीही लाभली काय?

याच प्रदेशात २०१० साली पत्रकार शुभ्रांशु चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीजीनेट स्वरा' हा उपक्रम सुरू केला होता. त्यासाठी महागडे यंत्र लागत नसे. साध्या फोनवरून गोंडी वा हिंदी भाषेत आपले गाऱ्हाणे ध्वनिमुद्रित करावे, संपादकांनी ते पडताळावे आणि इतरांनी ते फोनवरच ऐकावे, अशी ती रीत. वृत्तपत्रांत जिला क्वचितच स्थान मिळते, त्या गोंडीतील नादुरुस्त हातपंपाची, थकलेल्या मजुरीची व्यथा दूरवरच्या शहरात पोहोचली. ऐकणाऱ्यांनी अधिकाऱ्यास फोन करावा, अशी विनंतीही केली जाई.

आफ्रिकेतील केनियात २००७ साली 'एम-पेसा' सुरू झाले, तेव्हा बँकेत खाते नसलेला शहरातील तरुण कामगार साध्या फोनवरून गावाकडील आईला पैसे पाठवू लागला. तेथेही यंत्राचे मोल दुसऱ्या टोकाच्या माणसामुळेच ठरले.

म्हणून कसोटी तासांची नसून नात्याची आहे. एकच तास एखाद्याला अनोळखी माणसाच्या दुःखापर्यंत नेतो, तर दुसऱ्याला शेजारी बसलेल्या भावापासून तोडतो.

यावर कोणी म्हणेल, 'सर्वांचे ऐकणे कोणास शक्य आहे?' खरेच, शक्य नाही. ऐकले की उत्तरदायित्व येते, आणि आपले सामर्थ्य तर मर्यादित. पण सर्वांसाठी काही करता येत नाही, ही सबब एकासाठीही काही न करण्यास पुरत नाही.

आणि वाचकहो, हा नियम केवळ तरुणांनाच लागू आहे काय? घरातील मुलगा पडद्याशी बोलतो, ही आपली तक्रार. तो आपल्याशी बोलू लागला, तर त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेण्यास आपण सिद्ध आहोत काय? त्याचे तास मोजण्यापूर्वी आपण याचे उत्तर द्यावे.