लाल ठिपक्याचा पेला

कोल्हापुरात माझ्या ओळखीच्या एका घरात स्टीलचा एक पेला आहे. त्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. पेला घरातल्या मावशींचा. त्यांच्या मोठ्या आतड्यातली गाठ काढली, पोटाला पिशवी बसली, केमो सुरू झाली आणि पेला वेगळा झाला. ठिपका देणारा मुलगा इंजिनिअर आहे. विचारले तर म्हणाला, "खबरदारी म्हणून हो."

खबरदारी कुणासाठी? कर्करोग उष्ट्या पाण्यातून पसरत नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही. केमोत रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा धोका असतो तो उलट्या बाजूने: आपल्या सर्दीचा, आपल्या न धुतलेल्या हातांचा, त्यांना. आणि पेला वेगळा ठेवणारे हेच घर 'ताकद येते' म्हणून गंगावेशीच्या कट्ट्यावरचे दूध न उकळता मावशींना पाजत होते. या गावात धारोष्ण दुधाविरुद्ध बोलणे म्हणजे तालमीत उभे राहून कुस्तीची निंदा करणे. तरीही सांगतो, पेशी घटलेल्या माणसाला कच्चे दूध देऊ नये. खबरदारीच घ्यायची तर केमोनंतरचे साधारण दोन दिवस घ्या. औषधाचा अंश शौच-लघवी-उलटीतून बाहेर पडत असतो. ते साफ करताना, पिशवी रिकामी करताना हातमोजे घाला. जपायचे ते औषधापासून, माणसापासून नव्हे.

हा आजार उशिरा सापडतो त्यात आपल्या लाजेचा मोठा वाटा आहे. शौचातून रक्त गेले की आपण स्वतःच 'मूळव्याध' ठरवून मोकळे होतो आणि बिनऑपरेशनच्या पाट्यांमागे जातो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते, हे खरे. पण तसे आहे हे तपासल्यावर कळते, लाजल्यावर नव्हे. कर्करोग बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. तोंडी चालणाऱ्या जाहिरातीला मात्र आपणच कान देतो. २०२२च्या डिसेंबरात फुटबॉल विश्वचषकापायी आपल्या पेठांतून ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे फडकत होते. त्याच महिन्याच्या २९ तारखेला ब्राझीलचा फुटबॉलपटू पेले गेला, मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने. आजाराचे नाव जगभर छापून आले. मावशींच्या घरी मात्र पाहुण्यांना अजून 'पोटाचे ऑपरेशन' एवढेच सांगतात.

या आजारात ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध सर्रास देतात. ते घेतल्यावर काही दिवस गार वस्तूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात, गार पाण्याचा घोट घशात अडकल्यासारखा होतो. मावशी भर एप्रिलात लोकरीचे हातमोजे चढवून फ्रिजमधली दुधाची पिशवी काढत. शेजारणीने ते पाहिले आणि 'बाहेरचे आहे' असा निर्वाळा दिला. लिंबू उतरवून झाले. 'कुठल्या जन्माचे भोगतेय' हेही मावशींच्या कानांवर पडेल अशा बेताने बोलून झाले. मग नवस आला: चैत्र यात्रेला अनवाणी जोतिबाचा डोंगर चढायचा.

श्रद्धेने मनाला बळ येते, असे कुणी म्हणेल. अर्धे मान्य. घरी हात जोडल्याने कुणाची केमो बिघडत नाही. पण उपचार पुढे सरकतात तसे याच औषधाने तळपाय बधिर होऊ लागतात. खडा रुतला, चटका बसला तरी कळत नाही. त्यात लाखोंची गर्दी, आणि पेशी कमी. केमो चालू असताना ताप १००.४च्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नसते, रात्रीच दवाखाना गाठायचा असतो. नवस बोलणाऱ्यांचे पाय शाबूत होते. चालायचे होते मावशींनी.

आणि ती पिशवी. आतड्याचे टोक पोटावर आणून शिवलेले असते. गालाच्या आतल्या बाजूसारखे लाल, ओलसर. हात लावला तरी दुखत नाही. पिशवी नीट चिकटली असेल तर वास येत नाही, आंघोळ करता येते, एसटीने प्रवास करता येतो. अनेकांची ती काही महिन्यांनी काढूनही टाकतात. तरी मावशींना देवघर बंद आहे, कारण 'अंगावर घाण आहे'. जे त्यांच्या पिशवीत आहे तेच पोटात घेऊन घरातले बाकी सगळे रोज पूजेला बसतात. फरक एवढाच की मावशींची वाट पुढून आहे.

"घरातल्या जुन्या माणसांना कोण समजावणार?" हा शेवटचा आक्षेप, आणि सर्वांत लबाड. ठिपका जुन्या माणसाने दिलेला नव्हता. शिवाय जुन्या माणसांबद्दल बोलायचे तर याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनी त्याचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढले. त्या गावातही म्हातारी माणसे होतीच. मावशींना येत्या हळदीकुंकवाचे बोलावणे धाडायला तर ठरावही लागत नाही.