पुन्हा तेच

माझं पाप नवं नसतं, ही माझी अडचण आहे. एकदाच घडलेलं, मोठं असं काही असतं तर गुडघे टेकून, रडून मोकळा झालो असतो. पण मी दर वेळी तेच घेऊन जातो : आईवर ओरडलो. तिला विसर पडतो. दुपारची ताटं उचलून झाली की ती विचारते, आपण जेवलो का? मी सांगतो. ती परत विचारते. मग माझ्या तोंडून जे निघतं, ते ऐकून शेजारच्या घरातली बोलणी क्षणभर थांबतात.

कन्फेशनला मात्र ते वाक्य मी कधी उच्चारत नसे. 'घरी राग येतो, फादर,' एवढंच. राग येतो! जणू पावसासारखा तो बाहेरून येतो आणि मी बिचारा भिजतो. त्यात आमच्या वसईत चर्चना तोटा नाही. नंदाखाल, आगाशी, निर्मळ, गास. एकीकडून निघालं की दुसरीकडे पोहोचायला वेळ लागत नाही. मी चर्च बदलत राहिलो. जाळीपलीकडच्या फादरांना आवाज ओळखू येऊ नये, एवढाच हेतू. मग लाज कशाची होती? आईला दुखावल्याची, की अजून सुधारलो नाही हे कुणाला तरी कळेल याची? पहिलं असतं तर तिच्याकडे आधी गेलो असतो. चांगला माणूस म्हणून असलेला माझा मान मी वाचवत होतो, आणि त्याला पश्चात्ताप म्हणत होतो.

पश्चात्तापाच्या प्रार्थनेत पुन्हा पाप न करण्याचा निश्चय असतो. तो बोलतानाच मला ठाऊक असतं की हे फार टिकणार नाही. मग देवासमोर गुडघ्यावर बसून मी खोटं बोलतो का? १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने स्पष्ट सांगितलं की झाल्या पापाचं दुःख आणि पुढे न करण्याचा निर्धार, दोन्ही मिळून पश्चात्ताप होतो. माझं तर दुसरंच लंगडं. निर्धार खोटा, तर क्षमा तरी खरी कशी? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. पुढे पोप जॉन पॉल दुसरे यांचं १९९६ चं एक पत्र कळलं. पुन्हा पडेन अशी धास्ती असली म्हणून आत्ताचा निर्धार खोटा ठरत नाही, असा त्याचा आशय. निर्धार इच्छेचा असतो, भविष्याची हमी नव्हे. केवढा दिलासा!

आणि किती पटकन मी सैलावलो! ओरडण्याआधीच मनात येऊ लागलं, शनिवारी कन्फेशनला सांगून टाकू. क्षमा आधीच गृहीत. आईच्या खाटेवर भिंतीला दैवी दयेच्या येशूची तसबीर आहे, संत फॉस्टिना यांना झालेल्या दर्शनावरून काढलेली. तुझ्यावर माझा भरवसा आहे, अशा अर्थाची ओळ तिच्याखाली. त्या ओळीखाली उभा राहून मी म्हातारीवर डाफरतो. भरवसा आणि गैरफायदा यांतली रेघ कुठे आहे? माझ्याबाबतीत ती रोज सरकते.

एक तुलना डोक्यात आली होती, फार आवडलीही होती : आई तेच ते विचारते, मी वैतागतो, मी तेच ते पाप सांगतो, देव वैतागत नाही. पण ही तुलना टिकत नाही. आईचा त्यात काही दोष नाही. ती आठवू शकत नाही. मला सगळं आठवतं, तरी मी ओरडतो. तिच्या आजाराशेजारी माझं पाप नेऊन बसवलं की ते जरा केविलवाणं दिसतं, म्हणून तर ही तुलना आवडली नसेल?

शेवटी आमच्याच चर्चमध्ये गेलो. तिथले फादर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आईला ख्रिस्तप्रसाद द्यायला घरी येतात. तिला ओळखतात, मलाही. जे वाक्य तिला बोललो होतो, ते जसंच्या तसं सांगितलं. इथे लिहिणार नाही. ते मोठ्याने उच्चारताना पहिल्यांदा कळलं की आजवर मी क्षमा मागत होतो ती कुठल्या तरी गुळगुळीत पापासाठी. दया खऱ्या पापावर होते. मी ते पुढे केलंच नव्हतं. फादरांनी उपदेश केला नाही. प्रायश्चित्त दिलं तेही जपाचं नव्हतं : दुपारी तिच्याजवळ बस, आणि तिने विचारलं की काय जेवली ते नावानिशी सांग. बोंबलाचं कालवण, भात, कैरीचं लोणचं.

काही दिवस जमलं. तिला ऐकायला आवडायचंही. मग एका दुपारी मी फोनवर होतो, तिने बाही ओढली, आणि पुन्हा तेच.

आता त्याच फादरांसमोर जायचं, तेही त्यांनी दिलेलंच मोडून. निर्मळला शनिवारी कन्फेशन किती वाजता असतं, हे मी काल विचारून ठेवलंय. जाईन मात्र इथेच, असं आत्ता तरी वाटतंय.