बाहेरचे किती?

बडोद्यालगत वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीपाशी एका मराठी म्हाताऱ्याच्या भाड्याच्या खोल्या होत्या. त्याचे पणजोबा गायकवाडांच्या चाकरीसाठी साताऱ्याहून बडोद्याला आले; त्यानंतर घरात कोणी साताऱ्याचं तोंड पाहिलं नव्हतं. खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेशचे कामगार राहायचे. एक पाळी कारखान्यात गेली की तिच्या अंथरुणावर दुसरी झोपायची. म्हातारा वेळच्या वेळी भाडं घ्यायचा, आणि टीव्हीवर मुंबईतली भाषणं लागली की 'या भय्यांना कोणीतरी सुनावायलाच हवं होतं' असंही म्हणायचा. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात सुखाने नांदत.

सप्टेंबर २०१८च्या अखेरीस हिंमतनगरजवळ १४ महिन्यांच्या मुलीवर अत्याचार झाला. पकडलेला कामगार बिहारचा होता. गुन्हा एकाचा, पण बाहेरचे येऊन आपल्या पोरांच्या नोकऱ्या घेतात, अशी भाषणं आधीच गाजत होती. मोबाइलवर धमक्या फिरू लागल्या आणि थोड्याच दिवसांत गुजरातच्या अनेक जिल्ह्यांत हिंदी बोलणाऱ्यांवर हल्ले सुरू झाले.

एका रात्री मोटरसायकली म्हाताऱ्याच्या दारात थांबल्या. पुढे होता तो शेजारच्या ठेकेदाराचा मुलगा.

"काका, तुमच्याकडे बाहेरचे किती?"

"माझं घर धरून सांगू, की सोडून?"

"तुम्ही आमचेच की! गायकवाडांच्या वेळचे."

"हे कोणी ठरवलं?"

मुलगा हसला. "मीच म्हणतोय."

"आणि या कामगारांना मारा, असं तुला कोणत्या नेत्याने सांगितलं?"

"मारा असं कोण कशाला म्हणेल? ते फक्त बोलले. पण खोटं बोलले का?"

"असंच मीही म्हणायचो," म्हातारा म्हणाला. "फेब्रुवारी २००८ मध्ये राज ठाकऱ्यांच्या अटकेवरून नाशकात दगडफेक झाली. आंदोलन मराठी माणसासाठी होतं, आणि बसवर आलेल्या दगडाने मेला तो एचएएलमधला मराठी कामगार. भाषण करणारा 'बाहेरचे' म्हणून मोकळा होतो. त्यात कोणाकोणाला धरायचं, ते रात्री दगड घेऊन निघालेले ठरवतात. आज तू मला वगळलंस, उपकार झाले. उद्या दुसरा कोणी आला तर?"

पोरं गेली. पटलं म्हणून, की म्हाताऱ्याच्या तोंडी कोण लागणार म्हणून, देव जाणे. पण खोल्यांतल्या अंधारात कामगारांनी सगळं ऐकलं होतं. उजाडताच त्यांनी पिशव्या भरल्या आणि स्टेशन गाठलं. त्या दिवसांत हजारो माणसं अशीच गेली.

पोलिसांनी राज्यभरात तीनशेहून अधिक लोकांना पकडलं. तेव्हा काँग्रेसचे आमदार असलेले अल्पेश ठाकोर यांच्या संघटनेवर हल्ल्यांचा ठपका आला. तो त्यांनी नाकारला आणि सद्भावनेसाठी उपोषण केलं. सरकारने 'परत या' म्हणून आवाहन केलं. सगळेच एकदम गोड बोलू लागले.

मग ठेकेदाराच्या मुलालाच म्हाताऱ्याकडे यावं लागलं. ऑर्डर अडकली होती, मशीनवर माणूस नव्हता. ज्यांच्या नोकऱ्या हिरावल्या म्हणून तो रात्री निघाला होता, त्यांतला एकही रात्रपाळीला तयार नव्हता.

म्हाताऱ्याने नंबर लावून फोन त्याच्याच हातात दिला. "मी नाही, तू बोलाव."

मुलाने बोलावलं. पगार वाढवतो म्हणाला, वाघोडियात आता सगळं शांत आहे, असंही म्हणाला. पलीकडून बिहारी कामगाराने सगळं ऐकून घेतलं.

"येऊ की भय्या," तो म्हणाला. "तुमच्याकडे निवडणूक कधी आहे तेवढं सांगा. ती झाली की येतो."