दोरी कोणाच्या हाती?

१८९८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात ईस्टमन कोडॅक कंपनीनं कामगारांकडून लेखी सूचना मागवायला सुरुवात केली. पहिलं बक्षीस ज्या सूचनेला मिळालं ती अगदी साधी होती: खिडक्या धुवा, म्हणजे कामाला उजेड मिळेल. बक्षीस दोन डॉलर. काचांवरची काजळी व्यवस्थापकांना का दिसली नसावी? त्यांच्या स्वतःच्या दालनाच्या काचा रोज पुसल्या जात असणार, हा माझा तर्क.

याच कंपनीत १९७५ साली स्टीव्ह सॅसन या चोविशीतल्या इंजिनिअरनं फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या आसपास, चित्र ०.०१ मेगापिक्सेलचं, आणि एक छायाचित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. वरिष्ठांनी कौतुक केलं आणि बाहेर याची वाच्यता करू नकोस, असंही सुचवलं. २०१२ च्या जानेवारीत कोडॅक दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. व्यवस्थापनाच्या वर्गांत ही गोष्ट जरा जास्तच सोपी करून सांगतात. मधल्या काळात कोडॅकनं डिजिटल तंत्रात पैसा ओतला होता, पेटंटवर कमाईही केली होती. तरी दोन घटना शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लपत नाही. खिडक्या धुतल्यानं कोणाचीच खुर्ची हलत नव्हती. फिल्म विकून मोठ्या झालेल्या माणसांची खुर्ची सॅसनच्या यंत्रानं हलणार होती.

‘प्रत्येक कर्मचारी हा संशोधक’ अशा घोषणा आता बहुतेक कंपन्यांच्या भिंतींवर असतात. त्यामागं एक गृहीत असतं: खालच्या माणसाला सुचत नाही, त्याला सुचतं करायला हवं. मला हे गृहीतच चुकीचं वाटतं. आठ तास एकाच यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या यंत्राच्या खोडी पाठ असतात. कुठला बोल्ट सैल होतो, कुठं पाचर मारली की जॉब नीट बसतो, कुठली तपासणी नुसती कागदावर होते, हे त्याला ठाऊक असतं. प्रश्न असा की त्यानं ते तुम्हाला का सांगावं?

अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलरला या मौनाचं कारण पक्कं ठाऊक होतं. १९११ च्या आपल्या पुस्तकात त्यानं लिहिलं की कामगार मुद्दाम संथ काम करतात, कारण नगामागे मजुरी असताना कोणी जास्त नग काढले की मालक दरच कापतो. निदान अचूक, उपाय मात्र उफराटा. विचार करण्याचं काम कामगाराकडून काढून नियोजन विभागाच्या टेबलावर न्यायचं, त्यानं फक्त हात चालवायचे. पुढची कित्येक दशकं जगभरचे कारखाने याच वाटेनं गेले.

मुंबईच्या गिरण्यांमध्ये हा प्रयोग कसा उतरला, ते १९२८ च्या संपानं दाखवलं. ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली विणकरानं दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, असा आग्रह काही मालकांनी धरला. दोन माणसं तिघांचं काम करणार म्हटल्यावर तिसरा घरी बसणार, हे कळायला गिरणगावातल्या माणसाला अर्थशास्त्र शिकण्याची गरज नव्हती. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या. अशा वातावरणात एखाद्या विणकराला तीन माग चालवायची खरोखरच सोपी युक्ती सुचली असती, तर त्यानं ती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, कानावर घातली असती? आपल्याच चाळीतल्या माणसाच्या पोटावर पाय देणारी कल्पना कोणी हौसेनं देत नाही.

म्हणून टोयोटाची गोष्ट नोकरीपासून सांगायला हवी. एरवी ती शिस्त, समूहभावना, जपानी संस्कृती अशा शब्दांत गुंडाळून सांगितली जाते. १९५० साली कंपनी बुडण्याच्या काठावर होती. हजारावर कामगारांना जावं लागलं, मोठा संप झाला, आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी अध्यक्षपद सोडलं. जे राहिले त्यांच्या नोकरीला पुढे हात लागायचा नाही, अशी समजूत त्यातूनच पक्की होत गेली. १९५१ मध्ये सूचना योजना सुरू झाली. तिची कल्पना किइचिरो यांचे चुलतभाऊ एजी टोयोडा अमेरिकेतल्या फोर्डच्या कारखान्यात पाहून आले होते, म्हणजे योजना मुळात जपानी नव्हतीच. चाळीस वर्षांत दोन कोटी सूचना जमल्या. बहुतेकींचं बक्षीस किरकोळ होतं.

संस्कृतीचा मुद्दा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटनं निकालात काढला. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तेव्हा त्याची कीर्ती वाईट होती. दर दिवशी पाचातला एखादा कामगार कामावर यायचाच नाही. दारू, भांडणं, तक्रारींचे ढीग. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनं मिळून तोच कारखाना ‘नुम्मी’ या नावानं उघडला. बहुतेक कामगार जुनेच होते, युनियनही तीच. त्यातल्या शेकडो जणांना जपानमधल्या ताकाओका इथल्या कारखान्यात नेऊन काम दाखवलं. एक-दोन वर्षांत इथल्या गाड्यांचा दर्जा ताकाओकाच्या बरोबरीला आला आणि गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर उतरली.

बदललं काय? लाइनच्या वर एक दोरी होती. काही चुकतंय असं दिसलं की कोणीही ती ओढायची. टीम लीडर धावत यायचा, दोघं मिळून अडचण सोडवायचे. ठरलेल्या वेळात सुटली नाही तर लाइन थांबायची. जनरल मोटर्सच्या जुन्या राज्यात लाइन कधीही थांबवायची नाही हाच धर्म होता; उलटं बसलेलं इंजिनही पुढे सरकायचं आणि शेवटी अंगणात दुरुस्त व्हायचं. दोरी ओढणारा माणूस कंपनीच्या दर मिनिटाच्या हजारो डॉलरांवर हात ठेवतो. एवढा अधिकार हातात असलेल्या माणसाला ‘सुचवा हो’ म्हणून विनवावं लागत नाही.

दोरीच्या मागं एक कागदही होता, आणि मला तो दोरीहून महत्त्वाचा वाटतो. १९८५ च्या युनियन करारात कंपनीनं लिहून दिलं होतं की कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कामगारकपात होणार नाही. आणि वेळ आलीच, तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कापू, बाहेर दिलेलं काम आत आणू. १९८८ मध्ये गाड्यांचा खप घसरला, कारखाना अर्ध्याहून थोड्या जास्त क्षमतेवर आला, तरी कोणाला काढलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षण आणि सुधारणांच्या कामाला लावलं. जनरल मोटर्सनं हे सगळं जवळून पाहिलं, इतर काही कारखान्यांत दोऱ्याही बसवल्या. पण दोरी ओढली की सुपरवायझरच्या कपाळाला आठ्या पडायच्या. मग कोण ओढणार!

पैशाचं काय, असं कोणी विचारेल. कल्पना लहान असेल तर पैसा दुय्यम ठरतो. ती मोठी निघाली की हिशेब द्यावाच लागतो. जपानच्या शिकोकू बेटावरच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा निळ्या एलईडीच्या मागं लागले. संस्थापकांनी पैसा दिला. पुढच्या अध्यक्षांनी काम थांबवायला सांगितलं, नाकामुरांनी थांबवलं नाही. १९९३ मध्ये तेजस्वी निळा दिवा बाजारात आला. आज घराघरात पांढरा एलईडी आहे तो त्यामुळे. कंपनीनं त्यांना बक्षीस दिलं वीस हजार येन. ते कोर्टात गेले. टोकियोच्या न्यायालयानं २००४ मध्ये दोन हजार कोटी येन देण्याचा निकाल दिला. वरच्या कोर्टात प्रकरण चौऱ्याऐंशी कोटींवर मिटलं. २०१४ मध्ये त्यांना नोबेल विभागून मिळालं. शोध लावणाऱ्या नोकरदाराला वाजवी मोबदला द्यावा, हे जपानच्या पेटंट कायद्यात होतं म्हणून ते भांडू तरी शकले. जर्मनीत यासाठी १९५७ पासून स्वतंत्र कायदा आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात अशी तरतूद नाही.

चाकण, रांजणगाव, वाळूज या पट्ट्यांत ‘कायझेन’, म्हणजे छोटी सुधारणा, हा शब्द आता मराठीच झाला आहे. अनेक ठिकाणी माणशी महिन्याला दोन कायझेनचं टार्गेट असतं. मग महिनाअखेरीस धावपळ होते: जमिनीवर पिवळा पट्टा मारला, एक कायझेन; रॅकवर लेबल चिकटवलं, दुसरं. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो लावून शीट एचआरकडे जाते, तिथून एक्सेलमध्ये. लाइनवर मात्र निम्म्याहून अधिक हात ठेकेदाराचे किंवा ट्रेनी पोरांचे असतात. काही महिन्यांनी ब्रेक देऊन बाहेर काढणार हे त्यांना आल्या दिवसापासून माहीत असतं. त्यांच्यातल्या एखाद्यानं फिक्स्चरची भन्नाट सुधारणा सुचवली, तर शीटवरचा कर्मचारी क्रमांकाचा रकाना त्याला भरता येत नाही. सुधारणा लीडरच्या नावावर चढते. वर्षाच्या शेवटी ट्रॉफी घेतानाच्या फोटोत तो पोरगा नसतो, तेव्हा तो दुसऱ्या कंपनीच्या गेटवर रांगेत असतो.

या पट्ट्यात दर तीन-चार वर्षांनी वेतनकरार होतात. पगारवाढ, बस, कँटीन, दिवाळीचा बोनस यांवर महिनोन्‌महिने खल चालतो. कामगारानं सुचवलेल्या सुधारणेमुळे कोणाचीही नोकरी जाणार नाही, असं एक कलम त्यात घालायला व्यवस्थापनाला नवं बजेट लागणार नाही आणि युनियनलाही कशावर पाणी सोडावं लागणार नाही. अडचण दुसरीच आहे. त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेले लोक परमनंट असतात, आणि फिक्स्चर सुधारणारा पोरगा सहसा त्या युनियनचा सभासदच नसतो.