खोक्याचे पैसे

सकाळी चहा होतो न होतो तोच व्हॉट्सॲपच्या गटांवर फोटो यायला लागतात. स्टीलच्या ताटलीत हळदीचा ढीग, उन्हात वाळलेल्या ज्वारीच्या खारोड्या, मुगवड्या, काचेच्या बरणीत गवळाऊ गाईचं तूप. खाली भाव, आणि भावाला चिकटून दोन शब्द : ‘पोस्टेज वेगळं’. वेगळं म्हणजे किती, ते सहसा लिहिलेलं नसतं. घेणारा विचारतो, विकणारी अंदाजानं आकडा टाकते, आणि त्या अंदाजात दोघांपैकी कुणीतरी बुडतं.

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचं गाव. आर्वीकडचा आणि आष्टीकडचा रस्ता इथूनच फुटतो, सत्याग्रही घाट हाकेच्या अंतरावर, आणि रात्रंदिवस ट्रकांची ये-जा. तेव्हा माल बाहेर जायला वाट नाही अशी तक्रार इथे कुणी करणार नाही. पण गाडीभर संत्री कळमन्याच्या बाजारात धाडणं निराळं आणि एक किलो हळद डोंबिवलीला धाडणं निराळं. पहिला हिशेब या पट्ट्यातल्या घराघराला पाठ आहे. बाजारातून आलेली पट्टी ज्यानं हातात धरली आहे, त्याला तो समजवावा लागत नाही : वरच्या ओळीत घसघशीत रक्कम, मग भाडं, हमाली, तोलाई असं एकेक वजा होत जातं, आणि तळाशी उरेल तो आकडा आपला. पूर्वी अडतही त्यातूनच कापली जायची. २०१६ मध्ये राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. माल तोच, बाजार तोच; बदललं ते इतकंच की मधला खर्च कुणाच्या पदरात टाकायचा.

आजवर दुसऱ्यानं लावलेला खर्च सोसणाऱ्या अशा घरातली सून किंवा लेक आता फोनवर माल विकते, आणि पहिल्यांदाच खर्च लावायची पाळी तिच्यावर आली आहे. तिला तो लावता येत नाही. हळद विकणाऱ्या एका ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, “खोक्याचे पैसे कायले घ्याचे जी? लोक काय म्हणतीन?”

वस्तू स्वस्त दाखवायची आणि पाठवणीत पैसे उकळायचे, ही शहरी चलाखी जगभर आहे. ईबेवर एके काळी ती इतकी बोकाळली की २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेत वस्तूच्या किमतीबरोबर पाठवणीच्या रकमेवरही कमिशन घ्यायला सुरुवात केली. वस्तू कवडीमोल आणि टपाल भरमसाट, असं करून कमिशन चुकवणाऱ्यांची पंचाईत झाली. पण आपल्याकडच्या लहान गावातला आजार नेमका उलटा आहे, असं मला वाटतं. इथे विकणारी जास्त घेत नाही, ती भिडेपोटी कमी घेते. आणि कमी घेणं हे आपल्याकडे सज्जनपणात मोजलं जात असल्यानं तिला कुणी टोकतही नाही.

हिशेब मांडून पाहा. समजा पुठ्ठ्याचा खोका १५ रुपयांचा, आतली जाड पिशवी ४ रुपयांची, चिकटपट्टी आणि पत्त्याचा कागद मिळून ३. झाले २२. काउंटरवर पावती फाटली समजा ९० रुपयांची. एकूण ११२. ताईंनी गिऱ्हाइकाला सांगितले “द्या पन्नास”. म्हणजे एका किलोमागे ६२ रुपये घरातून गेले. हळद लावणं, काढणं, उकडणं, वाळवणं, पॉलिश करणं, दळणं एवढं सगळं करून जी मिळकत उरायची, ती डोंबिवलीच्या वाटेवर सांडली. यात खोका बांधायला लागलेला वेळ धरलाच नाही, आणि टपाल कचेरीपर्यंतची चक्कर तर कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. तेव्हा रोज एकेक पार्सल घेऊन पळण्यापेक्षा आठवड्यातले दोन वार ठरवून टाकावेत. दोन पार्सलं असोत की दहा, चक्कर तेवढीच. मग तिचा खर्च प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार रुपयेच येतो, आणि तो मागायला जीभही अडखळत नाही.

खोक्याची आणखी एक गंमत आहे, ती काट्यावर दिसत नाही. बहुतेक कुरियरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, गुणाकार करायचा, ५००० नं भागायचं. येईल ते किलो. खरं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. घरात पडलेला बुटांचा खोका घ्या : ३२ बाय २० बाय १२. गुणाकार ७६८०, भागाकार दीड किलोच्या वर. आत हळद किलोभरच, पण पैसे चढत्या टप्प्याचे. तीच हळद २४ बाय १६ बाय १० च्या खोक्यात बसवली तर भागाकार येतो पाऊण किलोच्या आसपास, आणि मग खरं वजनच धरलं जातं. फुकटातला बुटांचा खोका असा महाग पडतो, आणि त्या खोक्यातल्या हवेचे पैसे गिऱ्हाइकाकडून घेणं काही बरोबर नाही. ती चूक विकणाऱ्याची, तिचा भारही त्याचाच.

याउलट काही वस्तूंना रिकामी जागा लागतेच. वर्ध्याचा गोरसपाक ज्यानं खाल्लाय त्याला सांगायला नको. गाईच्या तुपातलं ते बिस्कीट बोटांत जरा दाबलं की भुगा. वाटेत खोका चार वेळा चढणार, चार वेळा उतरणार, कधी तरी त्याच्यावर कुणाच्या तरी मिक्सरचं धूड येऊन बसणार. तिथे दहा रुपये वाचवायला पातळ खोका घेतला, तर पोचतो तो चुराच. बरणीतल्या तुपाचंही तसंच. झाकणाभोवती पट्टी, वर पिशवी, भोवती कागदाचे बोळे, मग खोका. इथे बांधणीचे तीस-चाळीस रुपये लावले तर ते हक्कानं लावावेत. फक्त कशाचे लावले ते सांगावं, आणि माल फुटून पोचला तर दुसरा पाठवायची तयारी ठेवावी. बांधणीचे पैसे घेतले की ती जबाबदारी आपली झाली.

जुना खोका पुन्हा वापरायला हरकत काहीच नाही. आपण ज्या जिल्ह्यात राहतो, तिथेच सेवाग्रामात गांधीजी आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहीत. पण जुना खोका वापरून नव्याचे पैसे लावू नयेत, आणि आधीचं लेबल, विशेषतः त्यावरचा बारकोड, खरवडून काढावा. नाहीतर मशीनचा गोंधळ होतो आणि हळद भलत्याच गावच्या वाटेला लागते.

भलतं गाव हा तर आपला जुनाच विषय. तळेगाव किती आहेत पाहा : तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे, तळेगाव दिघे, शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर, आणि आपल्याच वर्धा जिल्ह्यात तळेगाव (टालाटुले). कंसातलं ‘श्यामजी पंत’ गळलं की पार्सलाचा प्रवास सुरू. सेवाग्राम हे नावदेखील अशाच घोटाळ्यातून आलं. गांधीजी ज्या सेगावात राहायला आले, तिथली पत्रं शेगावला जायची, म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव बदललं. पुढे १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी. वर्धा जिल्ह्याचे पिन ४४२ नं सुरू होतात. एवढे सहा आकडे गिऱ्हाइकाकडून नीट लिहून घेतले, तर परत आलेल्या पार्सलाचं जाण्या-येण्याचं भाडं वाचतं. आणि पत्ता गिऱ्हाइकानंच चुकीचा दिला असेल, तर दुसऱ्यांदा पाठवायचे पैसे त्याच्याकडून मागण्यात लाजायचं कारण नाही.

अंतराचं काय? ‘मुंबई लांब, म्हणून जास्त’ असं आपण सहज म्हणून जातो. पण टपालाचा इतिहास दुसरंच सांगतो. रोलंड हिल यानं इंग्लंडात १८४० च्या आधी हिशेब मांडून दाखवला की पत्र वाहून नेण्याचा खर्च फार थोडा असतो. पैसे जातात ते नोंदणीत, मोजणीत, हाताळणीत. आपल्याकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून हलक्या पत्राला अर्धा आणा ठरला, मग ते शेजारच्या गावी जावो की कलकत्त्याला. आजही तो धागा तुटलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरात ५० ग्रॅमपर्यंतचं स्पीड पोस्ट स्थानिक असेल तर १९ रुपये, आणि बाहेर देशात कुठंही ४७, वर जीएसटी. अर्ध्या किलोला दोनशे किलोमीटरच्या आत ७० आणि दोन हजारांच्या पलीकडे ९३. फरक २३ रुपयांचा. तेव्हा छोट्या पाकिटाला साऱ्या देशाला मिळून एकच दर ठेवला तर कुणावर फारसा अन्याय होत नाही. वजन वाढलं की मात्र अंतर जाणवायला लागतं, तिथे दोन-तीन टप्पे करावेत.

पुस्तकं विकणाऱ्यांची गोष्ट वेगळी. जुन्या जाहिरातींत किमतीपुढे ‘ट. ख. निराळा’, म्हणजे टपाल खर्च निराळा, असं असायचं, आणि व्हीपीपी सोडवताना पोस्टमनसमोर सुटे पैसे मोजायचे. मे २०२५ पासून टपाल खात्यानं पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलं : ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, वर कर. जाईल सावकाश, पण स्वस्तात जाईल. त्यात पुस्तकांच्या मधोमध हळदीची पुडी सरकवायचा मोह होईल, तो आवरावा.

‘फ्री डिलिव्हरी’ लिहिलं की माल पटकन जातो, असं सगळे सांगतात. खरंही असेल. पण टपालवाला काही फुकट नेत नाही. ते भाडं भावात शिरलेलं असतं. मोठ्या कंपनीला ते झेपतं. तळेगावात त्याचा परिणाम काय होतो पाहा : हळदीचा एकच भाव, टपालासकट. मग आष्टी रस्त्यावरची मावशी पिशवी घेऊन दारात येते, किलोभर हळद घेते, आणि डोंबिवलीच्या खोक्याचे पैसे भरून जाते. तिनं काय घोडं मारलं? दारातला भाव वेगळा आणि पाठवणीचा वेगळा असणं हेच मला सरळ वाटतं.

कायदाही याच बाजूनं आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्यानं एकूण रक्कम एका आकड्यात दाखवायची, आणि तिची फोडही द्यायची : वस्तूचे किती, पोहोचवण्याचे किती, हाताळणीचे किती, कर किती. आणि सुरुवातीला कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर एकेक आकार ठिबकवत राहण्याची जी रीत आहे, ती २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या क्लृप्त्यांच्या यादीत घातली. घरगुती गटावर विकणारीच्या दारात कुणी निरीक्षक येणार नाही हे खरं. पण फोटोखाली चार ओळी लिहायला तरी काय जातं? हळद इतके, खोका व बांधणी २२, टपाल ९०, एकूण इतके. ज्याला परवडेल तो घेईल. टपालाची पावती फोटो काढून पाठवली तर प्रश्नच मिटतो. पावतीवर आठ-दहा रुपये कमी निघाले, तर ते परत करायला आता फोनवर दोन बटणं पुरतात. किंवा पुढच्या वेळी वळते करायचे, सांगून.

घेणाऱ्यांनाही एक सांगायचं आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून कौतुकानं मागवतो आपण, आणि मग पाठवणाऱ्या बाईला म्हणतो, “अहो ताई, तेवढं पोस्टेज सोडा ना.” मॉलमध्ये पिशवीचे वेगळे पैसे मोजताना आपण तोंडातून शब्द काढत नाही. ती ‘सोडते’ तेव्हा पैसे टपाल खात्याचे नसतात, तिचे असतात. खर्च कमी करायचाच असेल तर त्याची रीत दुसरी आहे. एक किलोला ११२ रुपये लागत असले, तरी दोन किलोला २२४ लागत नाहीत. खोका एक, चक्कर एक, चिकटपट्टी थोडी जास्त, आणि टपालाचा पुढचा टप्पा पहिल्याइतका महाग नसतो. दुप्पट पोस्टेज लावून हा फरक विकणारीनं खिशात घालू नये. त्यापेक्षा ‘शेजारणीचंही मागवा, पोस्टेज कमी पडेल’ असं सरळ लिहावं. मग डोंबिवलीतली बाई आपण होऊन जिन्यातल्या चार दारांवर विचारत फिरते, आणि तळेगावहून एकाच खोक्यात पाच घरांची हळद निघते.