रिकाम्या जागेचा हिशेब

ज्या भूमीत माणूस जन्मतो, वाढतो, शिकतो, तिचे त्याच्यावर काही ऋण असते काय? असल्यास, अधिक वेतनासाठी आणि अधिक सुखासाठी ती भूमी सोडताना त्या ऋणाचे काय होते? हा प्रश्न भावनेच्या भरात विचारला की उत्तरेही तशीच मिळतात. कोणी जाणाऱ्याला कृतघ्न म्हणतो, कोणी त्याला हारतुरे घालून निरोप देतो. आम्हांला वाटते, या प्रश्नाकडे थोडे दूर उभे राहून पाहावे. म्हणून आपल्या घरातले उदाहरण बाजूला ठेवून आम्ही एक परके उदाहरण घेतो. ते आहे, कामासाठी ब्रिटन सोडून अमेरिकेला गेलेल्या माणसांचे.

हे उदाहरण विचाराला सोयीचे आहे. १८४५ नंतर आयर्लंडमधून जे लोक अमेरिकेला गेले त्यांच्या पाठीशी दुष्काळ लागला होता. जगावे की मरावे, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न होता. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स येथून गेलेल्या अनेकांची गोष्ट वेगळी होती. त्यांना निवड होती. निदान थोडीफार होती. भाषा तीच, देवाची प्रार्थना तीच, फक्त समुद्रापलीकडे मजुरी अधिक आणि जमीन स्वस्त. जेथे निवड असते तेथेच नीतीचा प्रश्न उभा राहतो.

१७८९ साली सॅम्युएल स्लेटर नावाचा एकवीस वर्षांचा तरुण इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातून गुपचूप निघाला. जेडेडाया स्ट्रट यांच्या सूतगिरणीत त्याने उमेदवारी केली होती आणि पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या आर्कराइट पद्धतीच्या यंत्रांची त्याला खडान्‌खडा माहिती होती. यंत्रे व त्यांचे आराखडे देशाबाहेर नेऊ नयेत आणि कुशल कारागिरांनी परदेशी जाऊन आपला धंदा करू नये, असा त्या काळी ब्रिटनचा कायदा होता. स्लेटरने एकही आराखडा बरोबर घेतला नाही. सारे डोक्यात साठवले आणि शेतमजूर म्हणून तो जहाजावर चढला. पुढच्याच वर्षी ऱ्होड आयलंडमधील पॉटकेट येथे त्याच्या ज्ञानाच्या बळावर सूत निघू लागले. अमेरिकेत तो उद्योगधंद्यांचा जनक म्हणून गौरवला गेला. त्याच्या बेल्पर गावात मात्र लोक त्याला देशद्रोही म्हणू लागले.

यात न्याय कोणाच्या बाजूला होता? कारागिराला देशाच्या मालमत्तेत जमा करणारा तो कायदा आम्हांला न्याय्य वाटत नाही. यंत्र कोणाच्या तरी मालकीचे असते, माणूस नसतो. खुद्द ब्रिटनलाही हे उशिरा का होईना उमगले, आणि १८२४ साली कारागिरांवरील ती बंदी उठली. माणसाला आपले घरदार उचलून दुसरीकडे जाण्याचा अधिकार आहे, हे तत्त्व आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. परंतु अधिकार मान्य केला की विचार संपला, असे नाही. स्लेटरच्या पहिल्या गिरणीतील कामगार म्हणजे सात ते बारा वर्षांची मुले होती. आणि अमेरिकेच्या ज्या गिरण्या पुढे त्याच्या वाटेने गेल्या, त्यांत गुलामांच्या घामावर पिकलेला कापूस कातला गेला. ज्याला आपण ‘अधिक चांगले जीवन’ म्हणतो ते कोणासाठी चांगले आणि कोणाच्या जिवावर चांगले, हा प्रश्न जहाजातून उतरल्यावरही पाठ सोडत नाही.

दुसरे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. स्कॉटलंडमधील डनफर्मलिन गावी विल्यम कार्नेगी नावाचा विणकर हातमागावर उत्तम कापड विणत असे. वाफेवर चालणारे माग आले आणि त्याचे काम गेले. १८४८ साली वीस पौंड उसने घेऊन हे कुटुंब अमेरिकेत पिट्सबर्गजवळ जाऊन राहिले. त्याचा मुलगा अँड्र्यू वयाच्या तेराव्या वर्षी सूतगिरणीत आठवड्याला एक डॉलर वीस सेंट मजुरीवर लागला. तोच पुढे पोलादाचा सम्राट झाला. या विणकराने देश सोडला असे आपण म्हणतो खरे. पण आधी देशानेच त्याला सोडले होते. गावाला त्याच्या हातांची गरज उरली नव्हती, आणि रिकाम्या हातांना दुसरे काम देण्याची जबाबदारी कोणी घेतली नव्हती.

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीविषयी जे परिपत्रक काढले, त्यात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. आपल्याच भूमीत माणसाला नीट जगता आले तर तो सहसा परक्या भूमीची वाट धरणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. म्हणजे जाणाऱ्याला कृतघ्न ठरवण्याआधी, त्याला राहता यावे म्हणून आपण काय केले, हे मागे राहणाऱ्यांनी स्वतःला विचारावे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२३ सालच्या स्थलांतरितांच्या दिनासाठी हाच विषय निवडला होता: जाण्याचे स्वातंत्र्य आणि राहण्याचेही स्वातंत्र्य. ज्याला राहणे शक्यच नाही त्याचे जाणे हे स्वातंत्र्य म्हणता येत नाही.

अँड्र्यू कार्नेगीने आपल्या जन्मगावाचे ऋण फेडले काय? त्याने डनफर्मलिनला ग्रंथालय दिले. ते १८८३ साली उघडले. लहानपणी ज्या पिटनक्रीफच्या बागेत त्याच्या कुटुंबीयांना पाऊल टाकण्याची मनाई होती, ती बागच त्याने विकत घेऊन १९०३ साली गावाला देऊन टाकली. ही कृतज्ञता खरी होती, यात शंका नाही. परंतु मधल्या काळात, १८९२ साली, त्याच्या होमस्टेड येथील पोलाद कारखान्यात कामगारांची संघटना मोडून काढण्यासाठी सशस्त्र खासगी पहारेकरी आणले गेले. गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसे मेली, संघटना मोडली. कार्नेगी त्या वेळी कारखान्यात नव्हता. तो स्कॉटलंडमध्ये होता. विणकराचा मुलगा जन्मभूमीचे ऋण फेडण्यात गढला असताना, त्याच्या वडिलांसारख्याच कामगारांचे हाल त्याच्याच कारखान्यात चालले होते. एका ठिकाणी दान केले म्हणून दुसऱ्या ठिकाणचा अन्याय धुतला जात नाही.

येथे ऋण या शब्दाचा थोडा खोल विचार करू. सावकाराचे कर्ज ज्याचे त्यालाच परत करावे लागते. आईच्या दुधाचे तसे नसते. ते आईला परत करता येत नाही. ते पुढच्या लेकरांना द्यायचे असते. जन्मभूमीचे ऋण आम्ही या दुसऱ्या जातीचे मानतो. गुरूने शिकवलेले शिष्याने जगाच्या पाठीवर कोठेही शिकवले तरी गुरूचे ऋण फिटते. म्हणून जाणारा परक्या देशात सचोटीने राबला, दुबळ्यांच्या उपयोगी पडला, तर तो ऋणातून बऱ्याच अंशी मोकळा झाला असेच आम्ही म्हणू.

पण ऋणाखेरीज आणखी एक गोष्ट मागे उरते. ती म्हणजे रिकामी जागा. ऋण कोठेही फेडता येते. रिकामी जागा मात्र जेथे पडली तेथेच भरावी लागते. कॉर्नवॉल परगण्यातील तांब्याच्या खाणी १८६६ नंतर बुडाल्या. तेथले खाणकामगार मिशिगनला आणि कॅलिफोर्नियातील ग्रास व्हॅलीला गेले. ते आपल्या कामात इतके निष्णात होते की, अमेरिकेतल्या खाणींत त्यांना मोठी मागणी असे. पुष्कळांनी घरी नेमाने पैसे पाठवले. घरांना पैसा मिळाला, चूल पेटली. पण त्या घरांत बापाची जागा पैशाने भरली असे कोण म्हणेल? काही घरी पैसे आणि पत्रे येणेही हळूहळू बंद झाले. अशा घरांतील स्त्रियांनी शेत, मुले आणि म्हातारी माणसे एकटीने सांभाळली. स्थलांतराच्या इतिहासात त्यांची नावे क्वचित सापडतात, कारण त्या कोठे गेल्याच नाहीत.

विसाव्या शतकात ही रिकामी जागा संपूर्ण राष्ट्राला बोचू लागली. १९६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या देशांतराविषयी अहवाल प्रसिद्ध केला आणि ‘ब्रेन ड्रेन’ हा शब्द जगभर रूढ झाला. जनतेच्या पैशाने शिकलेले शास्त्रज्ञ अमेरिकेतील मोठे पगार आणि सुसज्ज प्रयोगशाळा यांकडे ओढले जात होते. तत्कालीन विज्ञानमंत्री लॉर्ड हेलशॅम यांनी अमेरिका इतरांच्या बुद्धीवर जगते, अशा आशयाचा बोल लावला. त्याच वर्षी पोप तेविसावे जॉन यांनी जागतिक शांतीविषयीच्या परिपत्रकात, योग्य कारण असता दुसऱ्या देशात जाऊन राहणे हा माणसाचा हक्क असल्याचे सांगितले. एकाच वर्षी निघालेली ही दोन कागदपत्रे शेजारीशेजारी ठेवली तर आपला सारा पेच डोळ्यांपुढे येतो. जाणाऱ्याचा हक्क खरा, आणि मागे राहिलेल्यांची हानीही खरी.

आणि ब्रिटनने आपल्या रिकाम्या जागा कशा भरल्या? शास्त्रज्ञांप्रमाणे तेथले डॉक्टरही अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाला जात होते. १९४८ साली सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्यसेवा चालवायला माणसे अपुरी पडत होती. तेव्हा भारत व पाकिस्तानातून डॉक्टर ब्रिटनला गेले, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकलेलेही होते. आपल्याकडील बऱ्याच वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनमध्ये १९७५ पर्यंत मान्यता होती. या डॉक्टरांनी खाणकामगारांच्या वस्त्यांत, कारखान्यांच्या शहरांत, जेथे जायला स्थानिक डॉक्टर नाखूश असत तेथे, आयुष्यभर रुग्णांची सेवा केली. त्यांच्याविषयी आम्हांला आदरच वाटतो. परंतु साखळी नीट पाहावी. ब्रिटनमधला डॉक्टर अमेरिकेला गेला, त्याच्या खुर्चीवर आपला डॉक्टर जाऊन बसला, आणि आपल्या डॉक्टरची खुर्ची? प्रत्येक जण आपली रिकामी जागा आपल्याहून गरीब असलेल्याच्या दारात सरकवत गेला. सर्वांत शेवटची रिकामी खुर्ची आपल्याकडच्या एखाद्या खेड्यातील दवाखान्यात उरली, आणि तेथून पुढे ती कोणाकडे सरकवणार?

या साखळीत सर्वांना सारखे दारही नव्हते. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने देशवार कोटा ठरवला. १९२९ पासून ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्या वाट्याला वर्षाला ६५,७२१ जागा आल्या, आणि त्या पुष्कळदा पूर्ण भरतही नसत. भारतीयांना १९४६ साली जागा मिळाल्या त्या वर्षाला १००. कातडीच्या रंगावर बेतलेली ही व्यवस्था १९६५ च्या कायद्याने रद्द झाली. कोटा ठरवणाऱ्यांपैकी बहुतेकांचे पूर्वज कधी ना कधी याच समुद्रावरून आलेले होते, हे विसरता येत नाही. आपण आत शिरल्यावर दाराला कडी घालणे हा स्थलांतरिताचा सर्वांत जुना मोह आहे.

मग दोष कोणाचा? आम्ही हिशेब असा मांडतो. रिकाम्या जागेचा पहिला भार, बोलावणाऱ्या श्रीमंत देशावर. स्वतःची माणसे शिकवण्याचा खर्च वाचवून दुसऱ्याची शिकलेली माणसे उचलणे हा व्यवहार कितीही कायदेशीर असला तरी न्याय्य नव्हे. २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर व परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी जी आचारसंहिता स्वीकारली, तिचा रोख हाच आहे. मात्र ती पाळण्याची सक्ती कोणावर नाही. दुसरा भार पाठवणाऱ्या देशावर. ज्याला राबायचे आहे त्याला काम नाही, ज्याला शिकवायचे आहे त्याला वशिल्याशिवाय जागा नाही, अशी स्थिती ठेवून देशभक्तीची प्रवचने देऊ नयेत. जाणाऱ्यावर उरतो तो तिसरा भार. तो सर्वांत हलका आहे, पण तो दुसऱ्या कोणाला उचलता येत नाही.

जाणाऱ्याने काय करावे? प्रथम, ‘अधिक चांगले’ म्हणजे काय हे नीट पारखावे. ब्रिटनहून अमेरिकेला जाणाऱ्याला अनेक व्यवसायांत आजही अधिक पगार मिळतो. पण ब्रिटनमध्ये आजारी माणसाला खिशात हात न घालता डॉक्टरकडे जाता येते; अमेरिकेत पुष्कळांचा आरोग्य विमा नोकरीला बांधलेला असतो, आणि नोकरी गेली की तोही डळमळतो. ब्रिटनमध्ये कामगाराला वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळते. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात अशी सक्तीची रजा नाही. अमेरिकेतील सरासरी आयुर्मानही ब्रिटनपेक्षा कमी आहे. म्हणजे पगाराची चिठ्ठी मोठी झाली तरी जीवन त्याच प्रमाणात मोठे होईलच, असे नाही. हा जमाखर्च डोळे उघडे ठेवून करावा.

त्यानंतर, जाण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा: माझ्या जागी आता कोण बसणार? उत्तर नेहमी ‘राहा’ असेच येईल, असे नाही. कधी ते ‘जा, पण तुझ्या हाताखालच्याला आधी तयार कर’ असे येईल. कधी ‘जा, पण म्हाताऱ्या आईची सोय केवळ पैशावर सोपवू नकोस’ असे. कधी ‘जा, आणि तिकडे तुझ्यामागून येणाऱ्याला दार उघडे ठेव’ असे. ज्याने हा प्रश्न विचारला, त्याला कृतघ्न म्हणण्याचा अधिकार आम्हां मागे राहिलेल्यांना नाही. ज्याने तो विचारलाच नाही, तो घराबाहेर पाऊल न टाकताही आपली जागा रिकामी ठेवू शकतो. आईवडील शेजारच्या खोलीत आणि मुलगा आपल्याच विश्वात, अशी घरे आपल्या आसपासही आहेतच.